शब्द एकटा पाठ करू नकोस

चि. बाळ,



तुझं पत्र मिळालं. बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून आता सगळी लेक्चर्स इंग्रजीतून ऐकायची, म्हणजे धास्ती वाटणारच. पण तू विचारलेले प्रश्न नीट विचार करणाऱ्या मुलीचे आहेत. शाळेत इंग्रजी शिकवताना मी ते दर वर्षी ऐकत आले. एकेक घेऊ.

'अ' कधी आणि 'द' कधी? आपल्या श्रावणातल्या कहाण्या आठव. आधी 'एक राजा होता' आणि मग 'त्या राजाला दोन राण्या होत्या'. ऐकणाऱ्याला राजा नवा असतो तेव्हा 'अ किंग', ओळखीचा झाला की 'द किंग'. ही जाण तुला मराठीतून आधीच मिळालेली आहे. फरक एवढाच, की मराठीत 'एक' किंवा 'तो' गाळला तरी बहुधा चालतं, इंग्रजीत सहसा चालत नाही. 'अ' की 'ॲन' हे मात्र उच्चारावर ठरतं, स्पेलिंगवर नाही. म्हणून 'ॲन अवर', पण 'अ युनिव्हर्सिटी'.

'मी दोन वर्षांपासून पुण्यात राहते' याचं आपल्याकडे हटकून 'आय ॲम लिव्हिंग इन पुणे सिन्स टू इयर्स' होतं. आपलं 'पासून' दोन्हीकडे चालतं, 'जूनपासून' आणि 'दोन वर्षांपासून'. इंग्रजी ही कामं वाटून देते. सुरुवात सांगायची तर 'सिन्स जून', किती काळ ते सांगायचं तर 'फॉर टू इयर्स'. आणि तेव्हा सुरू झालेलं राहणं आजही चालू आहे, म्हणून 'आय हॅव बीन लिव्हिंग'.

'डिड यू वेन्ट' का चुकतं? भूतकाळ 'डिड'नं दाखवून झालेला असतो. मग क्रियापद मूळ रूपात येतं: 'डिड यू गो'.

आता तुझा सगळ्यात अवघड प्रश्न. 'डू होमवर्क', मग 'मेक अ मिस्टेक' का? इथं पक्का नियम शोधत बसू नकोस. आपल्याकडे पाऊस मुसळधार आणि वारा सोसाट्याचा. अदलाबदल कुणी करत नाही आणि कारणही विचारत नाही. इंग्रजीत पाऊस 'हेवी' असतो, वारा 'स्ट्राँग'. 'डिस्कस'नंतर 'अबाउट' लागत नाही, 'मॅरीड'नंतर 'विथ' नव्हे, 'टू' येतं. शब्दांचे सोबती ठरलेले असतात. म्हणून माझं मुख्य सांगणं हे, की शब्द एकटा पाठ करू नकोस, त्याच्या सोबत्यांसकट उचल.

हे सोबती कुठं शोधायचे, तेही सांगते. ए. एस. हॉर्नबी हे इंग्रज शिक्षक जपानमध्ये शिकवत होते. जपानी भाषेतही 'अ' आणि 'द' नाहीत. त्यांनी दोन सहकाऱ्यांसह खास शिकणाऱ्यांसाठी एक कोश तयार केला. तो 1942 मध्ये जपानमध्ये निघाला आणि 1948 मध्ये ऑक्सफर्डनं प्रसिद्ध केला. कोणतं क्रियापद कोणत्या रचनेत बसतं, कोणतं नाम मोजता येतं आणि कोणतं नाही, हे त्यात अर्थाबरोबरच दिलेलं होतं. 'ॲडव्हाइस' किंवा 'फर्निचर'ला 'एस' लागत नाही, हे अशा कोशात लगेच सापडतं. त्याचीच आजची आवृत्ती म्हणजे ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी. ती इंटरनेटवर फुकट पाहता येते. इंग्रजी-मराठी कोश जवळ असू दे, पण अर्थ कळल्यावर तिथंच थांबू नकोस. हा कोश उघडून त्यातली उदाहरणं वाच.

रोज पाच शब्द पुरेत. प्रत्येकाचं स्वतःच्या दिवसाबद्दलचं एक वाक्य वहीत लिही आणि ते मोठ्यानं म्हण. वर्गात अडलं तर हात वर कर. प्रश्न मोडक्या इंग्रजीत आला तरी चालेल, मराठीत विचारलास तरीही चालेल. कुणी हसलं तर हसू दे. न विचारता राहिलेला प्रश्न परीक्षेत आणि पुढे मुलाखतीतही तुलाच अडवेल, हसणाऱ्याला नाही.

तुझी,
आत्या