दर्शनी बाजूचे चार गाळे

आमची कॉलनी बुलडाणा जिल्ह्यात, घाटाखालच्या एका तालुक्याच्या गावी. मास्तर, एसटीतले, वीज मंडळातले असे नोकरदार लोक. कर्ज काढून बांधलेली घरं. मधोमध ले-आऊटची ओपन स्पेस. तिच्या रस्त्याकडच्या बाजूला व्यापारी गाळे काढायचं घाटत होतं. ते बारगळेपर्यंत जे कळलं ते मांडतो. इतर कॉलन्यांना यातलं काही कामी येईल.

1. आधी नकाशा, मग बोंब.
पहिल्या बैठकीत निवेदन कोणाला द्यायचं, उपोषणाला कोण बसणार, पेपरवाला कोणाच्या ओळखीचा, हेच चाललं होतं. शेवटी एका निवृत्त तलाठ्यानं विचारलं, "नकाशा कोणाजवळ हाय?" सगळे गप्प. मंजूर ले-आऊटचा नकाशा आणि अकृषक आदेश, या दोन कागदांच्या साक्षांकित नकला आधी हातात पाहिजेत. सरळ मागून मिळाल्या तर उत्तम, नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प आणि 30 दिवसांची वाट. आमच्या नकाशावर ती जागा फिक्या हिरव्या रंगात होती, आत 'खुली जागा' असं लिहिलेलं, खाली चौरस मीटरमध्ये क्षेत्र आणि कोपऱ्यात मंजुरीचा गोल शिक्का. तो कागद टेबलावर पसरला की समोरच्याचा आवाज आपोआप खाली येतो.

2. सात-बारा बघत राहा.
जुन्या ले-आऊटमध्ये ओपन स्पेस कित्येकदा मूळ जमीनमालकाच्याच नावावर राहिलेली असते. तो गेला की वारसांची नावं चढतात. मग कोणीतरी त्यांना सांगतं, की तुमची तर अजून जागा शिल्लक आहे.

3. गाळे कधी गाळे म्हणून येत नाहीत.
हा सगळ्यात महागाचा धडा. आधी चांगलं काम येतं: वाचनालय, व्यायामशाळा, समाजमंदिर, एखादं देऊळ. त्याला नाही म्हणणारा माणूस वाईट ठरतो. मग त्या वास्तूच्या देखभालीला पैसा कुठून आणायचा, असा प्रश्न निघतो आणि उत्तर तयारच असतं: दर्शनी बाजूला चार गाळे. आमच्याकडे आलेल्या एका कार्यकर्त्यानं तर फार मायेनं समजावलं, "काका, जागा नुसती पडेल हाय. चार पोरं धंद्याले लागतीन, तुमचं काय जाते?"

पोरं धंद्याला लागावीत हे खरंच आहे. पण त्यासाठी बाजार आहे, स्टँड रोड आहे. नियम काय म्हणतो ते इथे माहीत असलं पाहिजे. राज्याची एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावली डिसेंबर 2020 पासून नगर परिषदांना लागू आहे. तिच्याप्रमाणे 0.4 हेक्टर, म्हणजे साधारण एक एकर आणि त्यापुढच्या जमिनीचा ले-आऊट पाडताना 10 टक्के जागा खुली सोडावी लागते. एकरामागे अवघे चार गुंठे. त्या जागेवर बांधकाम अजिबात चालत नाही असं नाही. ओपन स्पेसच्या 15 टक्क्यांपर्यंत चालतं, त्यातलं तळमजल्यावर 10 टक्के, आणि तेही व्यायामशाळा, वाचनालय, योग केंद्र, बालवाडी अशा वापरासाठी. हजार चौरस मीटरच्या जागेत तळाला शंभर मीटर, वर पन्नास. दुकानं यात कुठेच बसत नाहीत. मंजूर ले-आऊटमधली खुली जागा वगळता येत नाही, कमीही करता येत नाही; ले-आऊट सुधारताना तिची नुसती जागा बदलायची म्हटली तरी प्लॉटधारकांची संमती लागते.

हे आम्ही सांगायला लागलो तेव्हा एकानं टोमणा मारला, उद्या दवाखान्यालाही नाही म्हणाल! बंगलोरच्या सदाशिवनगरात नेमकं हेच झालं होतं. उद्यानाची जागा खासगी दवाखान्याला दिली आणि रहिवासी कोर्टात गेले. 1991 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल रहिवाशांच्या बाजूनं दिला. दवाखाना लोकांच्या सोयीचा असला तरी तो उद्यानाची जागा घेऊ शकत नाही, असा त्याचा आशय. त्या निकालाची प्रत आम्ही प्रत्येक अर्जाला जोडत गेलो.

4. मोजणी आणा, पण घरच्यांची तयारी करून.
भूमी अभिलेखवाले येऊन हद्दी कायम करून गेले तेव्हा खुणेची एक खुंटी थेट एका सभासदाच्या फुलझाडांच्या वाफ्यात उतरली. दुसऱ्याची सेप्टिक टाकी निम्मी बाहेर. तिसऱ्याचं कंपाउंड हातभर पुढे. बाहेरच्याशी लढायला निघालेली कॉलनी त्या दुपारी आपसातच जुंपली. आमच्यातल्याच एकानं चहा मागवला म्हणून निभावलं. तरी हे आधी करावं. नाही तर 'तुमचंच अतिक्रमण किती?' हाच प्रश्न समोरचा पहिला टाकतो.

5. तोंडी आश्वासन हवेत जातं.
अर्जाची पोच घ्या, त्यावर आवक क्रमांक आणि शिक्का बघूनच खिडकी सोडा. नगर परिषदेचा ठराव बेकायदा किंवा लोकहिताविरुद्ध असेल तर 1965 च्या नगर परिषद अधिनियमाच्या कलम 308 खाली जिल्हाधिकारी त्याची अंमलबजावणी तहकूब करू शकतात, हे नगरसेवकांनाही चांगलं ठाऊक असतं. तक्रार मांडायला तालुक्याचा लोकशाही दिन महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी, जिल्ह्याचा पहिल्या. तिथे गर्दी करून काही होत नाही. फाईल नीट लावलेले दोघेच जण पुरतात. खेड्यात हाच प्रश्न ई-क्लास, म्हणजे गायरान जमिनीचा. तिथे 2011 चा सर्वोच्च न्यायालयाचा जगपाल सिंग निकाल उपयोगी पडतो. गावाच्या सामायिक जमिनींवरची अतिक्रमणं काढायला त्यानं सगळ्या राज्यांना सांगितलं आहे.

6. जागा वापरात ठेवा.
कडुनिंब लावले, उन्हाळ्यात टँकरनं जगवले. सकाळी म्हातारे चालतात, संध्याकाळी क्रिकेट, चैत्र-वैशाखात बायकांची वाळवणं. माणसांचा राबता असलेल्या जागेला कोणी पडीक म्हणायला धजत नाही. पण राबता वाढला की मंडपही येतो. लग्नाला, बारशाला जागा मिळावी, पाचशे-हजार भाडं घ्यावं, त्यातून झाडांना पाणी द्यावं, असं बऱ्याच जणांचं म्हणणं. मी विरोधात आहे. एकदा भाडं सुरू झालं की गाळ्यांना नाही म्हणायला आपल्याकडे तोंड राहत नाही, असं मला वाटतं. बहुमत अजून तरी मंडपाच्या बाजूनं आहे, आणि पुढच्या बैठकीत यावरून भांडण ठरलेलं आहे.