काच वाहते काय?

वाहण्यास द्रव आतून जो विरोध करतो त्यास श्यानता म्हणतात. गुळाचा ऊन पाक झरझर ओघळतो, निवताच घट्ट होतो. काचेचेही तसेच, मात्र तिचे प्रमाण थक्क करणारे आहे. १९०८ साली पैसाफंडातून तळेगावास काचकारखाना निघाला. अशा कारखान्यांतील कारागिरी याच गुणधर्मावर उभी असते.

साध्या काचेची श्यानता १००० अंश सेल्सिअसला पाण्याच्या सुमारे दहा लाखपट असते. तेथे तापमान २० अंशांनी उतरले तर ती दीडपटही होत नाही. परंतु ५५० अंशांच्या आसपास, म्हणजे काच-संक्रमणाजवळ, तेवढ्याच उताराने ती सुमारे नऊपट होते. रेणूंची हालचाल तेथे जणू गोठते. त्याआधी अंतर्गत ताण विरले नाहीत तर ते आतच अडकतात आणि काच पुढे तडकते. म्हणून ती सावकाश निववतात.

जुन्या खिडक्यांच्या काचा खाली जाड आढळतात, म्हणून काच शतकानुशतके वाहते, असे पुष्कळ जण सांगतात. परंतु सामान्य तापमानास तिची श्यानता इतकी अफाट असते की शतकांतही ओघळ दिसणार नाही. ती जाडी घडणीतील असमानतेची आहे. ऐकीव गोष्ट आपण मोजमापाने पारखावी. विज्ञानाचा पहिला धडा हाच.