सामूहिक संरक्षण व राष्ट्राची पूर्वसिद्धता
(वरच्या वर्गांच्या नागरिकशास्त्रासाठी पाठविवेचन)

हेतू : ‘संरक्षण’ म्हणताच विद्यार्थ्यांच्या दृष्टीपुढे सैनिक, रणगाडे व विमाने उभी राहतात. ही समजूत अपुरी आहे. पहिल्याच आघाताने ज्या देशातील धान्य, पाणी, वीज व दळणवळण यांची घडी विसकटते, त्या देशाचे सैन्य शूर असूनही फार काळ टिकाव धरू शकत नाही. हे विद्यार्थ्यांस उमजावे, हा या पाठाचा हेतू होय.

विवेचन : दि. ४ एप्रिल १९४९ रोजी युरोप व उत्तर अमेरिकेतील १२ राष्ट्रांनी उत्तर अटलांटिक करारावर सह्या केल्या. एका सदस्यावरील सशस्त्र हल्ला हा सर्वांवरील हल्ला मानावा, हे त्यातील पाचवे कलम प्रसिद्ध आहे. तिसऱ्या कलमाकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. प्रत्येकाने स्वतःच्या प्रयत्नाने व परस्परांच्या साहाय्याने प्रतिकारशक्ती राखावी व वाढवावी, असे ते सांगते. मित्राची मदत पोचेपर्यंत जो उभा राहू शकतो, त्यालाच त्या मदतीचा उपयोग होतो.

पुढे २०१६ साली वॉर्सा येथील परिषदेत सदस्य राष्ट्रांनी मुलकी सिद्धतेच्या सात बाबी मान्य केल्या : शासनाचे अखंड कार्य, ऊर्जा, लोकांच्या मोठ्या स्थलांतराची व्यवस्था, अन्न व पाणी, बहुसंख्य जखमींची शुश्रूषा, संदेशवहन आणि वाहतूक. ही यादी फळ्यावर लिहावी व तीत शस्त्र कोठे आहे, असे विचारावे. एकही नाही, हे मुले स्वतःच सांगतील.

उदाहरण : आज सुमारे ५६ लाख वस्ती असलेल्या फिनलंड या देशाने १९३९-४० च्या हिवाळ्यात सोव्हिएत संघाशी १०५ दिवस झुंज दिली. शेवटी त्यास बराच प्रदेश सोडावा लागला. त्या अनुभवातून तेथे पूर्वसिद्धतेची परंपरा दृढ झाली. मोठी इमारत बांधताना आश्रयस्थान बांधणे कायद्याने आवश्यक ठरले. आज अशी ५०,००० हून अधिक आश्रयस्थाने असून त्यांत सुमारे ४८ लाख लोक सामावू शकतात. शांततेच्या काळी त्यांपैकी कित्येकांत व्यायामशाळा किंवा मोटारी ठेवण्याच्या जागा असतात. मात्र ७२ तासांत ती सज्ज करता आली पाहिजेत. धान्य व इंधन यांचे साठे शासन राखते, आणि प्रत्येक कुटुंबाने तीन दिवस स्वतःच्या बळावर निभावून न्यावे, अशी अपेक्षा असते. फिनलंड या करारात सामील झाला तो २०२३ साली. सिद्धता मात्र त्याच्या कितीतरी आधीची होती.

वर्गकार्य : आपल्या गावी तीन दिवस वीज नाही व एस.टी. बंद आहे, अशी कल्पना करावयास सांगावी. पंप बंद पडल्यास पाणी कोठून आणावयाचे? विहीर आहे, पण पोहरा व दोर आहे काय? गिरणी थांबल्यास पीठ कसे मिळेल? आजारी व वृद्ध यांची चौकशी कोण करील? मुलांचे गट पाडून प्रत्येक गटास एक प्रश्न द्यावा.

सूचना : या पाठाने मुलांच्या मनात भीती उत्पन्न होता कामा नये. ज्याला आपले काम ठाऊक असते, तो संकटात गोंधळत नाही. तसेच अफवेचा विचारही अवश्य व्हावा. कोणतीही वार्ता पुढे सांगण्यापूर्वी ‘हे कोणी पाहिले?’ असे विचारण्याची सवय शाळेतच लागू शकते.

स्वाध्याय :
१. कराराच्या तिसऱ्या व पाचव्या कलमांचा परस्परसंबंध सांगा.
२. सात बाबींपैकी कोणत्या आपल्या ग्रामपंचायतीच्या कामाशी संबंधित आहेत?
३. आपल्या घरी तीन दिवस पुरेल असे काय काय आहे, याची यादी करा.