गिऱ्हाईक गाडीवाला नव्हे, मिस्त्री

१. आमचं स्पेअर पार्टचं दुकान कराडचं. पुढं पाटण आणि विट्याला शाखा निघाल्या, त्या मिस्त्रींच्या जिवावर. मालकाला गाडी चालू होण्याशी मतलब. ब्रेक शू कुठल्या कंपनीचा घालायचा हे मिस्त्री ठरवतो. पाटणचे मिस्त्री एका ऑइल सीलसाठी पोरगं एसटीनं कराडला धाडायचे. तिथं शाखा काढायला याहून वेगळा हिशेब मांडावा लागला नाही.

२. नमुना बघितल्याशिवाय माल द्यायचा नाही. 'स्प्लेंडरचा पार्ट द्या' म्हणून भागत नाही, साल सांगा. २०१७ ला बीएस-४ आलं, २०२० ला बीएस-६. स्प्लेंडरचा कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्टर आला, गाडीचं नाव तेच राहिलं. आमचा काउंटरवरचा पोरगा जुना पार्ट फडक्यानं पुसतो, नंबर वाचतो. नंबर झिजला असेल तर नवी क्लच प्लेट शेजारी ठेवून दात मोजतो. गिऱ्हाईक खोळंबतं, कुरकुरतं. कुरकुरू दे. चुकीचा नग परत येतो तेव्हा खोकं फाटलेलं असतं, कंपनी घेत नाही, आणि मिस्त्रीची अर्ध्या दिवसाची मजुरी बुडते ती वेगळीच.

३. आमच्या भागात माल ऊस बघून भरतात. कारखान्यांची धुराडी पेटायच्या आधीच ट्रॅक्टर-ट्रॉलीची बेअरिंग, हब, क्लच प्लेटा रॅकवर हव्यात. उसानं भरलेली ट्रॉली रस्त्यात उभी राहिली की वाहतूकदार भाव करत बसत नाही. ही अडचण बघून चढा दर लावणारेही आहेत. पुढच्या हंगामात मिस्त्री त्यांच्या दारातून नुसता गाडी दामटत जातो.

४. मिस्त्रीला उधारी द्यावीच लागते. पण आठवड्याची बाकी आठवड्यात. ती थकली तर नवा नग नाही, मग तो सख्खा मेव्हणा का असेना. (मेव्हण्याचंच सांगतोय.)

५. गाडी बंद झाली म्हणून तिचा माल भंगारात घालू नका. मारुती ८०० चं उत्पादन २०१४ ला थांबलं, तरी तिचं गिऱ्हाईक अजून येतं.

६. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक पार्टांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. तेव्हा खोक्यावर जुनी किंमत छापलेली दिसली तरी पक्कं बिल नव्या दरानंच मागा, आमच्या दुकानातसुद्धा.