डी-मार्टची फेरी कितीला पडते?

पगार झाल्यानंतरच्या शनिवारी संध्याकाळी डी-मार्टच्या दारात उभं राहिलं, की एक गोष्ट हमखास दिसते. हातभर बिल घेऊन बाहेर पडणारा माणूस एकूण रकमेवर फारसा रेंगाळत नाही. एमआरपीपेक्षा किती रुपये वाचले, ते आधी बघतो आणि खूश होतो.

तो आकडा खोटा नसतो, पण आपल्या फारसा कामाचाही नसतो. एमआरपी ही कमाल किंमत. त्यापेक्षा जास्त घ्यायला कायद्याची मनाई आहे, कमी घ्यायला नाही. महिन्याचं सामान एकदम भरणाऱ्याला कोपऱ्यावरचा वाणीही तेल-साबणावर थोडं सोडतोच. तेव्हा बचत मोजायची ती आपल्या वाण्याच्या भावाशी ताडून.

समजा, छापील किमतीने ६,००० रुपयांचं सामान मोठ्या दुकानात ५,४०० ला मिळालं. बिल म्हणणार, ६०० वाचले. तेच सामान वाणी ५,७०० ला देत असेल, तर खरे वाचले ३००. आता जाण्या-येण्याचं बघा. मुंबई परिसरात फेब्रुवारी २०२५ पासून रिक्षाचं किमान भाडं २६ रुपये आहे, तेही पहिल्या दीड किलोमीटरचं. पुढे दर किलोमीटरला सतरा रुपयांच्या वर. दुकान तीन किलोमीटरवर असेल, तर दोन्ही वेळचे मिळून शंभर रुपये गेले. उरले दोनशे. वाणी सामान घरपोच देत असेल आणि पगारापर्यंत वहीवर लिहून ठेवत असेल, तर त्याचीही काही किंमत धरायला हवी. यादीतल्या नेहमीच्या दहा वस्तूंचे वाण्याचे भाव एकदा कागदावर उतरवून घ्या. आपल्यापुरतं उत्तर त्यातूनच मिळेल.

या दुकानांच्या स्वस्ताईत जादू काही नाही. डी-मार्टचं पहिलं दुकान २००२ साली पवईत निघालं. तेव्हापासून शक्यतो जागा स्वतःच्या मालकीची घ्यायची, पुरवठादाराचे पैसे लवकर चुकते करायचे आणि सजावटीवर उधळपट्टी करायची नाही, असा खाक्या आहे. शिवाय किराण्यात नफा थोडा; कपडे, भांडी, प्लास्टिकचे डबे यांत त्याहून बरा. म्हणूनच तूरडाळ आणायला गेलेल्या माणसाच्या ट्रॉलीत चादर आली, की दुकानाचं गणित जमतं आणि आपलं बिघडतं. यादीत चादर नसेल, तर त्या मजल्यावर जायचंच नाही.

आता पुड्याची मागची बाजू. एमआरपीजवळ बारीक अक्षरांत युनिट सेल प्राइस छापलेली असते, म्हणजे एका ग्रॅमला किंवा एका किलोला पडणारा दर. पुडा किलोच्या आतला असेल तर दर ग्रॅमचा, किलोच्या वरचा असेल तर किलोचा. ९०० ग्रॅमच्या पुड्यावर एमआरपी १८९ आणि दर ०.२१ रुपये प्रति ग्रॅम. दीड किलोच्या पुड्यावर एमआरपी ३३० आणि दर २२० रुपये प्रति किलो. ग्रॅमच्या दराला हजाराने गुणलं की २१० येतात, म्हणजे लहान पुडा स्वस्त. पण थांबा. हा दर एमआरपीवर काढलेला असतो, दुकानाच्या सवलतीच्या भावावर नाही. दुकानात लहान पुडा १८० ला आणि मोठा २८५ ला असेल, तर किलोला अनुक्रमे २०० आणि १९० पडतात. गणित उलटलं! मोबाइलमधलं कॅल्क्युलेटर अशा वेळी रॅकसमोरच काढावं, लाजू नये.

तेलाच्या पिशवीवर तर वजन वाचल्याशिवाय हात टाकू नका. एक लिटर तेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम भरतं. पण पुड्यांची ठरावीक वजनं पाळण्याचं बंधन आता राहिलेलं नाही, त्यामुळे तशाच दिसणाऱ्या पिशव्या ८५० किंवा ८०० ग्रॅमच्याही असतात. भाव दहा रुपयांनी कमी दिसला, तर तेलही तेवढंच कमी नाही ना, हे आधी पाहा.

डाळ-तांदळाचं प्रकरण थोडं वेगळं. पोत्यातून सुटं मोजून दिलेल्या धान्यावर जीएसटी नाही; २५ किलोपर्यंतच्या छापील पुड्यावर ५ टक्के आहे. तरीही घाऊक खरेदीमुळे मोठ्या दुकानातला पुडा स्वस्त पडू शकतो, म्हणून भाव दोन्हीकडे विचारावा. मात्र तांदूळ नवा की जुना, हे वाणी सांगतो. पुडा सांगत नाही. साबण, शाम्पू, टूथपेस्ट, बिस्किटं यांवरचा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा जुन्या भावांच्या आठवणीवर विसंबू नका.

माझं मत विचाराल, तर साबण, डिटर्जंट, टूथपेस्ट, चहा, तेल हे महिन्यातून एकदा मोठ्या दुकानातून आणावं. टिकणाऱ्या आणि नक्की संपणाऱ्या वस्तू आहेत त्या. रवा, बेसन, मसाले मात्र लागतील तसे वाण्याकडून. पावसाळ्यात पाच किलो रव्यात किडे झाले, तर कसली सवलत आणि कसलं काय! ‘एकावर एक फुकट’ दिसलं, की आधी तारीख वाचा. मुदत संपत आलेल्या दोन बाटल्यांपेक्षा ताजी एकच बरी.

जायचंच तर मंगळवार-बुधवारी दुपारी जा, पिशव्या घरून न्या. मोबाइल नंबर दिल्याशिवाय बिल होणार नाही, असं कुठल्याही दुकानात सांगितलं, तर ऐकू नका. तशी सक्ती करू नये, असं ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्येच बजावलं आहे. रॅकवरचा भाव आणि बिलातला भाव काउंटर सोडण्याआधी ताडून पाहा. तफावत निघाली आणि तिथे कुणी दाद दिली नाही, तर बिल जपून ठेवून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा.