बक्षीस ठीक आहे, कात्रण दाखवा

दरवर्षी पावसाळ्याच्या शेवटी कॉलेजच्या सूचना फलकावर एक कागद लागतो : ‘वार्षिकांकासाठी साहित्य पाठवावे’. शेवटची तारीख दोनदा पुढे जाते. मग मराठीच्या सरांच्या टेबलावर गठ्ठा जमतो. त्यात आईवरच्या कविता सर्वांत जास्त, त्याखालोखाल पाऊस, मग ‘मोबाइल : शाप की वरदान’, एखाद्या गडाचं प्रवासवर्णन आणि नेटवरून उतरवलेलं कुणा थोर पुरुषाचं चरित्र. अंक निघतो, विद्यापीठाच्या नियतकालिक स्पर्धेला जातो आणि जमलंच तर एक प्रमाणपत्र प्राचार्यांच्या केबिनबाहेरच्या भिंतीवर चढतं. नॅकच्या फाइलला तेही लागतंच.

पत्रकारितेत जायचं म्हणणाऱ्या मुलामुलींना मी आधी आपल्याच कॉलेजचे मागचे चार-पाच अंक चाळायला सांगतो. त्या पानांत मतं भरपूर असतात, भावना ओसंडून वाहतात, पण बातमी शोधून सापडत नाही. हजारो मुलं रोज ज्या फाटकातून आत जातात, तिथे वर्षभरात नेमकं काय घडलं याचा पत्ता त्या अंकावरून लागत नाही.

दोष मुलांचा नाही. आपल्याकडच्या विद्यार्थी स्पर्धांची घडणच मतावर झाली आहे. निबंध, वक्तृत्व, वादविवाद ही महाराष्ट्राची मोठी परंपरा. तिच्यातून उत्तम वक्ते, वकील, प्राध्यापक आणि पुढारी घडले. वृत्तपत्रांनी कॉलेजच्या मुलांसाठी स्पर्धा काढल्या त्याही बऱ्याचदा याच वळणावर गेल्या. ‘लोकसत्ता’ची ‘ब्लॉग बेंचर्स’ हे त्याचं चांगलं उदाहरण : अग्रलेख वाचायचा आणि त्यावर आपलं म्हणणं मुद्देसूद मांडायचं. विचार करायला लावणारी स्पर्धा, शंकाच नाही. पण वृत्तपत्राच्या कार्यालयात पहिल्या दिवशी तुमचं मत कुणी विचारत नाही. तिथे विचारतात, ‘जाऊन आलास का? किती जण होते? कोण म्हणालं? दुसऱ्या बाजूला फोन केलास?’ तीन ढाली मिळवलेला वक्तृत्वपटू या चार प्रश्नांपुढे गडबडतो, आणि कधीही स्टेजवर न चढलेली मुलगी वहीतली टिपणं काढून भराभर उत्तरं देते, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

पालकांचा प्रश्न सरळ असतो : ‘स्पर्धा जिंकून नोकरी मिळते का?’ सरळच उत्तर द्यायचं तर, नाही. संपादक प्रमाणपत्रांच्या फोल्डरवरून नजर फिरवतात आणि विचारतात, ‘छापून काय आलंय? कात्रणं दाखवा.’ स्पर्धेचा खरा उपयोग वेगळाच आहे. ती तारीख देते. त्या तारखेपर्यंत एक काम पूर्ण करावं लागतं, पुरावे जुळवावे लागतात, आणि तुम्हाला न ओळखणारा माणूस ते वाचतो. वर्गात सरांना तुमची अडचण माहीत असते. परीक्षकाला नसते.

मग करायचं काय? एक उदाहरण नीट उलगडून सांगतो.

समजा, तुमचं कॉलेज तालुक्याच्या गावी आहे आणि दुपारचा शेवटचा तास सुरू झाला की बाकांवरच्या काही मुली पिशव्या उचलून निघून जातात. का? त्यांच्या गावाकडे जाणारी शेवटची एसटी लवकर सुटते. हे सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणूनच ते कुणी लिहिलेलं नाही. निबंधलेखक इथे ‘ग्रामीण मुलींच्या शिक्षणाची व्यथा’ असा मथळा देऊन दोन पानं लिहील. बातमीदार आधी मोजेल. कोणत्या गावांच्या किती मुली? कोणता विषय त्या तासाला असतो आणि त्यात नापास किती? संपाआधी ही गाडी किती वाजता सुटायची? (एसटीचा तो लांबलेला संप ऑक्टोबर 2021 ते एप्रिल 2022 असा चालला, आणि त्यानंतर किती फेऱ्या परतल्या हा प्रश्न अजूनही अनेक मार्गांवर विचारण्यासारखा आहे.) विद्यार्थ्यांना पासात 66.67 टक्के सवलत आहे, पण गाडीच नसेल तर ती सवलत नेमकी कुणाला मिळते?

मग स्थानकावर उभं राहायचं. एक दिवस नव्हे, निदान आठवडाभर. वेळापत्रकातली वेळ एका रकान्यात, गाडी खरोखर सुटल्याची वेळ दुसऱ्या रकान्यात. वाहकाशी बोलायचं, आगारप्रमुखांना भेटायचं, आणि वडापवाल्यालाही विसरायचं नाही, कारण एसटी गेल्यावर त्याचा धंदा सुरू होतो. पालकांना विचारायचं की मुलीला अंधारात वडापने यायला परवानगी आहे का. एखाद्या मुलीने या एका गाडीपायी विज्ञान शाखा सोडून कला शाखा घेतली असेल, तर तुमची बातमी तिच्यापासून सुरू होते.

आगारात उत्तर मिळालं नाही तर माहितीचा अधिकार आहे. 2005 च्या या कायद्याखाली कुणाही नागरिकाला अर्ज करता येतो, आणि माहिती कशाला हवी हे सांगावं लागत नाही. शुल्क 10 रुपये. महाराष्ट्रात अर्जावर कोर्ट फी स्टॅम्प लावला की झालं. अर्ज एकाच विषयाचा आणि 150 शब्दांच्या आत ठेवायचा, असा आपल्या राज्याचा नियम आहे. पत्रकारितेच्या विद्यार्थ्याला याहून चांगला लेखनाचा धडा दुसरा मिळणार नाही. ‘एसटीच्या गलथान कारभाराची सविस्तर माहिती द्यावी’ असं लिहिलंत तर हाती काहीच लागणार नाही. ‘अमुक आगारातून अमुक मार्गावर जून 2021 आणि जून 2024 मध्ये रोज किती फेऱ्या होत्या, त्यांच्या सुटण्याच्या वेळांसह तक्ता द्यावा’ असं लिहिलंत तर अधिकाऱ्याला टाळणं अवघड जातं. उत्तर 30 दिवसांत यायला हवं. नाही आलं, किंवा अर्धवट आलं, तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील. म्हणजे जानेवारीत प्रवेशिका द्यायची असेल तर अर्ज ऑक्टोबरच्या पुढे जाता कामा नये. स्पर्धेच्या आधीच्या आठवड्यात जागं होणाऱ्यांची गाडी इथेच चुकते.

एवढं केल्यावर दीड हजार शब्द, एक तक्ता आणि दोन फोटो होतात. हे वार्षिकांकात छापा, जिल्हा आवृत्तीला द्या, स्पर्धेला पाठवा. आईवरच्या कविता आणि मोबाइलवरचे निबंध वाचून थकलेला परीक्षक या पानाशी थांबतो, एवढं मी खात्रीने सांगू शकतो.

मुलं यावर हमखास म्हणतात की मोठी बातमी करायला मोठी ओळख लागते, कुणीतरी आतून कागद द्यावा लागतो. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचं उदाहरण इथे कामाचं आहे. तिथे ‘द स्टॅनफर्ड डेली’ हे विद्यार्थ्यांचं वृत्तपत्र आहे. 2022 च्या नोव्हेंबरात पहिल्या वर्षाला असलेल्या थिओ बेकर या विद्यार्थ्याने विद्यापीठाचे अध्यक्ष मार्क टेसिए-लाव्हीन यांच्या जुन्या शोधनिबंधांतल्या छायाचित्रांवर शंका उपस्थित करणारी बातमी दिली. गंमत अशी की त्यातल्या काही शंका शास्त्रज्ञांच्या एका खुल्या संकेतस्थळावर वर्षानुवर्षं लिहिलेल्या होत्या. कुणीही वाचू शकत होतं. बेकरने त्या तज्ज्ञांकडून तपासून घेतल्या, संबंधितांना प्रश्न पाठवले आणि पाठपुरावा सोडला नाही. 2023 च्या फेब्रुवारीत त्याला जॉर्ज पोल्क पुरस्कार जाहीर झाला. मुरलेल्या पत्रकारांना मिळणारा हा मान इतक्या लहान वयात त्याआधी कुणाला मिळालेला नव्हता. जुलैमध्ये चौकशी समितीचा अहवाल आला. अध्यक्षांनी स्वतः आकडेवारीत फेरफार केल्याचं समितीला आढळलं नाही, पण शोधनिबंधांत गंभीर त्रुटी निघाल्या, आणि त्यांनी पद सोडत असल्याचं जाहीर केलं.

या गोष्टीला दोन तळटीपा जोडायलाच हव्यात. बेकरचे आई-वडील दोघेही अमेरिकेतले नावाजलेले पत्रकार आहेत. तेव्हा ‘बघ, तो अठराव्या वर्षी काय करतो’ असं घरी कुणाला ऐकवू नका. दुसरी तळटीप अधिक महत्त्वाची. ते वृत्तपत्र 1973 पासून विद्यापीठापासून स्वतंत्र आहे. आपला वार्षिकांक कॉलेजच्या पैशांतून निघतो आणि पहिल्या पानावर मुख्य संपादक म्हणून प्राचार्यांचं नाव असतं. त्याच अंकात प्राचार्यांची चौकशी छापून येईल अशी अपेक्षा ठेवणं भाबडेपणाचं आहे. विद्यार्थ्याने सुरुवातही तिथून करू नये. एसटी, महाडीबीटीवर अडकलेली शिष्यवृत्ती, वसतिगृहाचं पाणी, अभ्यासिकेत रात्री जागा धरायला ठेवलेल्या पिशव्या, यांत वर्षभराचं काम आहे.

स्पर्धा निवडताना तिचं नाव किती भारदस्त आहे हे बघू नका, नियम वाचा. अमेरिकेतला हर्स्ट पुरस्कार 1960 पासून चालू आहे आणि फार मानाचा आहे, पण तो तिथल्या मान्यताप्राप्त पत्रकारिता विभागांत पदवी घेणाऱ्यांसाठी. त्याची एक तऱ्हा मला आवडते : विद्यार्थ्याला बक्षीस मिळालं की त्याच्या विभागालाही अनुदान मिळतं. त्यामुळे शिकवणाऱ्यांनाही मुलांच्या मागे लागण्याचं कारण उरतं. इथे मात्र प्रवेशिकेच्या फॉर्मवर सही मिळवायला मुलाला तीन चकरा माराव्या लागतात.

आपल्याकडे विद्यार्थ्यांच्या वार्तांकनासाठी खास पुरस्कार थोडेच. म्हणून मोठ्यांच्या मैदानात डोकावायला हरकत नाही. स्त्री-पुरुष समतेच्या विषयावर प्रसिद्ध झालेल्या लेखनासाठी मुंबईतल्या ‘पॉप्युलेशन फर्स्ट’ या संस्थेचे लाडली मीडिया पुरस्कार आहेत, आणि त्यात मराठी लेखनही विचारात घेतलं जातं. शेवटच्या एसटीची ती बातमी तिथे सहज बसेल. पी. साईनाथ यांनी 2014 मध्ये सुरू केलेलं ‘पारी’ हे संकेतस्थळ म्हणजे स्पर्धा नाही, पण ग्रामीण भागातून विद्यार्थ्यांनी केलेलं वार्तांकन तिथे प्रसिद्ध होतं आणि मराठीतही वाचता येतं. तिथे काम स्वीकारलं जाण्याआधी जे प्रश्न विचारले जातात, जितक्या वेळा मजकूर परत येतो, ते शिक्षण कोणत्याही करंडकापेक्षा मोलाचं, असं माझं मत आहे.

आता सावधगिरीचं. ‘राष्ट्रीय युवा पत्रकार गौरव’ छापाचे मेसेज मोबाइलवर येतात : आपली निवड झाली आहे, नोंदणीसाठी अमुक रुपये भरा, शाल, श्रीफळ आणि सन्मानचिन्ह मिळेल, सोबत येणाऱ्यांच्या जेवणाचे वेगळे. ज्या पुरस्कारासाठी तुम्ही काही पाठवलंच नाही, त्यासाठी तुमची निवड कशी झाली? प्रवेश शुल्क असलं म्हणजे स्पर्धा खोटीच, असं मात्र नाही. परदेशातल्या काही चांगल्या संस्थाही शुल्क घेतात. परीक्षक कोण आहेत, मागच्या वर्षीचं विजेतं काम वाचायला मिळतं का, हे पाहा. दोन्हींचं उत्तर नसेल तर पैसे भरू नका. नियमांत ‘सर्व हक्क आयोजकांकडे राहतील’ असं वाक्य दिसलं तर थांबून विचारा, कारण तोच मजकूर उद्या तुम्हाला दुसरीकडे द्यायचा असेल. एआयच्या वापराबद्दल काय लिहिलंय तेही बघा. स्थानकावर उभं राहण्याचं काम यंत्र करत नाही, पण न झालेल्या मुलाखतीतली वाक्यं ते बेमालूम रचून देतं, आणि तसं एक वाक्य सापडलं की नाव कायमचं जातं.

कायद्याचं भान पहिल्या दिवसापासून हवं. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख उघड करणं गुन्हा आहे. गावाचं, शाळेचं, नातेवाइकांचं वर्णन देऊन अप्रत्यक्षपणेही ती उघड होते. बदनामीची तरतूद 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 मध्ये आहे. घाबरून जायचं कारण नाही, पण प्रत्येक आरोपाचा कागद जवळ हवा आणि समोरच्याचं म्हणणं बातमीत हवं.

प्रवेशिका तयार करण्यावर फार लिहीत नाही. छापील पानाचा स्कॅन, फाइलला तुमचं नाव, आणि बातमी कशी मिळवली, त्यानंतर काय बदललं हे सांगणारी एका पानाची टिपणी. मजकूर मराठी आणि परीक्षक इतर भाषांचे असतील तर भाषांतर स्वतः करा, मित्राला तपासायला लावा. बातमी ऑनलाइन आली असेल तर त्याच दिवशी पीडीएफ करून ठेवा. दुवे मरतात.

शेवटी पुन्हा पालकांकडे वळतो. या क्षेत्रात सुरुवातीचं उत्पन्न कमीच असतं. तालुक्याचा वार्ताहर बहुधा पगारावर नसतो, आणि शहरातल्या नोकऱ्यांनाही खात्री नाही. हे मुलापासून लपवू नका, आणि त्याला घाबरवण्यासाठी रोज वापरूही नका. खासगी माध्यम संस्थांमधल्या अभ्यासक्रमाचं शुल्क लाखांत जातं. रानडे इन्स्टिट्यूट किंवा आयआयएमसीचं अमरावती केंद्र असे सरकारी पर्याय आधी तपासा. आणि शुल्क भरण्यापूर्वी एक गोष्ट करा. पदवीच्या दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस मुलाला किंवा मुलीला सांगा, तुझ्या नावानिशी छापून आलेल्या पाच बातम्या मला वाचायला दे. कविता नको, निबंध नको, बातम्या. पाच असतील तर, एकही बक्षीस नसलं तरी, पुढच्या शुल्काची तजवीज करा. नसतील तर अजून एक वर्ष हाती आहे, आणि एसटी स्टँड घरापासून फार लांब नाही.