वापरानुभव-रचनाकार : एका व्यवसायाची जडणघडण

शासकीय अर्जातील एक रकाना चुकीचा भरला गेला, तर एखाद्या निराधार विधवेचे अनुदान महिनोन्महिने अडून राहू शकते. अशा वेळी दोष बहुधा अर्जदाराच्याच माथी येतो. परंतु चूक अर्जाच्या मांडणीत तर नाही ना, हे शोधणे हा आता एक स्वतंत्र व्यवसाय झाला आहे. हे काम करणाऱ्यास ‘युजर एक्स्पिरियन्स डिझायनर’, म्हणजेच वापरानुभव-रचनाकार म्हणतात. संगणकाच्या पडद्यावर आकर्षक चित्रे काढणारा कलावंत, ही त्याच्याविषयीची सर्वसाधारण समजूत अपुरी आहे. या क्षेत्राचे एक अध्वर्यू, अमेरिकेतील डोनाल्ड नॉर्मन, यांच्या वाटचालीवरून ते स्पष्ट होते.

यंत्राकडून मनाकडे

१९३५ साली जन्मलेल्या नॉर्मन यांनी १९५७ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेतली. पुढे ते मानसशास्त्राकडे वळले व १९६२ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून त्या विषयात डॉक्टरेट मिळविली. स्मृती, अवधान आणि माणसाच्या हातून होणाऱ्या चुका हे त्यांच्या अभ्यासाचे विषय होत.

२८ मार्च १९७९ रोजी पेनसिल्व्हेनियातील थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात अपघात झाला. दाब कमी करणारी एक झडप उघडीच अडकून राहिली होती. नियंत्रण कक्षातील दिवा विझलेला पाहून ती बंद झाली, असे कर्मचाऱ्यांना वाटले. वस्तुतः झडप बंद करण्याचा विद्युत आदेश गेला, एवढेच तो दिवा दर्शवीत होता. या गैरसमजातून पुढील निर्णय चुकले आणि अणुभट्टीचा गाभा अंशतः वितळला. कर्मचाऱ्यांकडून अशा चुका का झाल्या, हे तपासणाऱ्या तज्ज्ञांत नॉर्मन होते. दोष कर्मचाऱ्यांचा नसून कक्षाच्या रचनेचा आहे, असा निष्कर्ष निघाला.

१९८८ मध्ये रोजच्या वापरातील वस्तूंच्या मानसशास्त्रावरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. १९९३ मध्ये ते ॲपल कंपनीत गेले. तेथील त्यांच्या पदनामातच ‘युजर एक्स्पिरियन्स’ हे शब्द होते.

अनेक वाटा, एक दृष्टी

यावरून दिसून येईल की, या व्यवसायाचे प्रवेशद्वार एकाच पदवीचे नाही. अभियांत्रिकी, मानसशास्त्र, चित्रकला, भाषा अशा विविध शाखांतून माणसे येथे येतात. वापरणाऱ्याला दोष देण्यापूर्वी वस्तू तपासण्याची दृष्टी मात्र सर्वांच्या ठायी असावी लागते.

महाराष्ट्रात पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत १९६९ मध्ये औद्योगिक अभिकल्पाचे केंद्र सुरू झाले. इलेक्ट्रॉनिक मतदान यंत्राच्या रचनेत तेथील अध्यापकांचा वाटा आहे. उमेदवाराच्या चिन्हासमोरील निळे बटण दाबताच लाल दिवा लागतो व आवाज येतो. आपली कृती पूर्ण झाली, हे अक्षरओळख नसलेल्या मतदारासही त्यामुळे उमगते.

ही दृष्टी केवळ तज्ज्ञांची मिरास नाही. ग्रामपंचायतीने अथवा शाळेने नवा अर्ज छापण्यापूर्वी तो गावातील चार-पाच जणांकडून भरून घ्यावा. भरताना त्यांना काहीही सुचवू नये. जेथे लेखणी अडखळेल, तेथे खूण करावी आणि तेवढा भाग बदलावा. अर्जदाराला पुन्हा हेलपाटा घालावा लागू नये, यासाठी कार्यालयाने एक दिवस खर्ची घालणे केव्हाही श्रेयस्कर.